हुंदका देणारा दिवा

अमावास्या आणि गुरुवार एकाच दिवशी आले आणि गुलमंडीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. सगळं औरंगाबाद उजेडबाबांच्या दर्शनाला लोटलं होतं. तात्यासाहेबांच्या कापडदुकानावर त्यांचाच एक लांबलचक दिवाणखाना होता. तिथं दुपारी चारपासून बायाबापड्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या मुठीत मिठाची पुडी होती. बाबांना हार चालत नसे, नारळ चालत नसे, फक्त मीठ चालत असे. "तुमची पीडा मिठात उतरवा. मीठ मला द्या. मी विरघळवतो," असं बाबा सांगत. आता मीठ काय, कुणाच्याही घरात असतं. त्यामुळे पुड्यांनी परात भरून वाहत होती, आणि एक शिष्य ती घटकेघटकेला पडद्याआड नेऊन रिकामी करत होता.

समोर चौरंगावर काचेच्या हंडीत विजेचा एक दिवा होता आणि मागे काळा पडदा. बाबा दिव्यापासून चार हात लांब गादीवर बसलेले, डोळे मिटलेले, उजवा हात गोमुखीत. गोमुखी म्हणजे जपाची माळ झाकणारी पिशवी. आत हात काय करतो ते बघायचं नसतं, बघितलं तर जपाचं फळ जातं, हे लहान पोरालाही ठाऊक. त्यामुळे दिवाणखान्यातले तीनशे डोळे दिव्याकडे होते आणि पिशवीकडे एकही नव्हता.

"आत्मा म्हणजे करंट!" बाबा गरजले. "देह म्हणजे तार! तार तुटली, करंट कुठं गेला? सांगा, कुठं गेला?"

"कुठं गेला, महाराज?" पुढची रांग.

"माझ्याकडं आला!"

दिवा हळूहळू मंद झाला, पार निखाऱ्याएवढा उरला, आणि पुन्हा हळूहळू फुलला. फुलताना मध्येच एकदा अडखळला, थरथरला, मग पुढे गेला. बाया रडायला लागल्या. त्या अडखळण्याला लोक हुंदका म्हणत. गेलेलं माणूस दिव्यात येतं आणि हुंदका देतं, असा बोलबाला पार पैठणपर्यंत पोचला होता. त्यातच पडद्याआडून बारीक गुणगुण ऐकू येई. ती गंगा बोलते, म्हणे.

बद्रीनाथ मागच्या भिंतीला टेकून हे बघत होता. बघत होता म्हणजे त्याचे डोळे तिकडे होते. त्याची बायको आवडा काविळीने गेली त्याला आठ महिने झाले होते. तेव्हापासून ताट वाढलं की तो जेवायचा, भोंगा झाला की मुकुंदवाडीहून सायकल मारत गिरणीत जायचा, वायरमनचं काम करायचा आणि परत यायचा. लोक म्हणत, मोठ्या धीराचा माणूस. धीराबिराचं काही नव्हतं. त्याला काही वाटतच नव्हतं, आणि वाटत नाही याचंही वाटत नव्हतं.

पूर्वी तो असा नव्हता. पोलिस ॲक्शननंतर शहरात गणपतीतली नाटकं जोरात सुरू झाली तेव्हापासून पंधरा वर्षं नाटकांची लायटिंग बद्रीनाथच करायचा. त्याचा सूर्यास्त बघायला माणसं तिकीट काढत. त्यासाठीचं सामान त्याने स्वतःच्या हाताने बनवलं होतं आणि आवडा प्रत्येक प्रयोगाला विंगेत बसून ते बघायची. ती गेल्यावर त्याने सगळं सामान आपला जुना हाताखालचा माणूस, फकिरा, त्याला देऊन टाकलं. "घेऊन जा," एवढंच म्हणाला. कशाला, कुठं, काही विचारलं नाही.

आज तो आला होता तो लेकीसाठी. नऊ वर्षांच्या गोदाला फिट यायच्या. घाटी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्यापासून दोन वर्षं एकही आली नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी एकदम बंद केलीत तर अशी फिट येईल की थांबणार नाही, पोरगी हातची जाईल. पण घरात आता बद्रीनाथच्या सासूबाई, सारजाबाई, गोदाचं सगळं बघत होत्या, आणि सारजाबाईंना गेल्या तीन गुरुवारी या दिव्यात आपली आवडा भेटली होती. बाबांनी सांगितलं होतं, गोळ्यांचं काय करायचं ते आवडालाच विचारू. तेव्हा आज सकाळची गोळी दिलीच नव्हती.

"मामी, गोळी द्या तिला," बद्रीनाथ दुपारी म्हणाला होता.

"तुम्ही नका सांगू, जावईबापू," सारजाबाई म्हणाल्या. "माझी लेक गेली तर तुमच्या डोळ्यातून थेंब नाय पडला. त्या दिव्याला तरी हुंदका येतो."

हे खरं होतं, म्हणून तो नुसता मागोमाग आला.

सारजाबाईंचा नंबर लागला. गोदाला पुढ्यात बसवून त्यांनी गोळ्यांची बाटली चौरंगाखाली ठेवली.

"आवडे!" बाबांनी हाक दिली. "तुझ्या लेकराच्या पोटात हे औषध जातंय. हे जहर असंल तर तुझा दिवा बारीक कर!"

गोमुखी हलली. दिवा लखलखतच राहिला.

बाबांनी एक डोळा उघडून मिटला. "आवडे, लाजू नगं. बारीक कर!"

गोमुखी पुन्हा हलली, जरा जोरात. दिवा ढिम्म. पडद्यामागची गुणगुण मात्र वाढली होती, चहाचं आधण यावं तशी. बाबांच्या कपाळावर घाम आला. आणि बद्रीनाथच्या तोंडून, अगदी सवयीने, भर प्रयोगात विंगेतून टाकावा तसा आवाज गेला.

"फकिऱ्या, मीठ जास्त झालं. पाणी वत."

"जी वस्ताद!" पडद्यामागून लगेच उत्तर आलं.

घागर ओतल्याचा आवाज झाला आणि दिवा छानपैकी बारीक झाला.

काही जणांना वाटलं, हाही चमत्कारच. सारजाबाईंनी मात्र तेवढं काही ऐकलं नाही. त्यांनी दिवा बारीक झालेला पाहिला. "जहर हाय गं माय," असं म्हणत त्यांनी बाटलीचं बूच काढलं आणि गोळ्या ओतायला खिडकीकडे वळल्या.

बद्रीनाथच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो ते. गप्प राहिला असता तर दिवा मोठाच राहिला असता, आणि गोळ्या आपोआप वाचल्या असत्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याची छाती धडधडली. तो माणसांच्या अंगावरून पाय टाकत पुढे गेला, पडद्याआड शिरला आणि त्याने स्विच पाडला.

दिवा विझला, आरडाओरडा झाला. त्याने पडदा ओढून खाली पाडला. खिडकीच्या उजेडात सगळ्यांना दिसलं. चिनी मातीचं एक उंच नळकांडं, कडेला टवका उडालेलं, निम्म्यावर पाणी. वर कप्पी, कप्पीवरून सुती दोरी. बाजूला मिठाचा ढीग, आणि ढिगाशेजारी रिकामी घागर घेऊन मान खाली घातलेला फकिरा.

"बद्रीनाथ, हे काय चालवलंय? माझ्या घरात साधूचा अपमान?" तात्यासाहेब तावातावाने उठले.

"तात्यासाहेब, हे नळकांडं माझं हाय," बद्रीनाथ म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा सपाट होता. "हा टवका परभणीच्या दौऱ्यात उडाला. ह्याला आम्ही डिमर म्हणतो. ह्याच्यावर मी पंधरा वर्षं सूर्य बुडवला. बाबा, गोमुखीतला हात बाहेर काढा."

"गोमुखी उघडली तर भस्म होशील!"

"व्हतो. काढा."

बाबांनी काढला नाही. तेव्हा पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली आणि तिनेच पिशवी ओढली. आत माळ नव्हतीच. दोरीचं टोक होतं, बोटाला गुंडाळलेलं, गादीखालून थेट कप्पीकडे गेलेलं.

"पाण्याला कुणी हात लावू नका, करंट हाय त्यात," बद्रीनाथ म्हणाला आणि समजावू लागला. कुणी विचारलं नव्हतं, पण हात चालू झाला की तोंडही चालू होतं, अशी त्याची जुनी खोड. "दिव्याकडं जाणारी वीज ह्या पाण्यातून जाती. खाली एक पत्रा बसवलाय, एक दोरीला टांगलाय. पत्रे जवळ आले की विजेला पाण्यातली वाट थोडी, अडथळा थोडा, दिवा मोठा. दूर गेले की वाट लांब, अडथळा लई, दिवा बारीक. अडलेल्या विजेची ऊब बनती, म्हणून पाणी तापतं अन् गुणगुणतं. निव्वळ पाण्यातून वीज धड जात नाय, म्हणून मीठ. तुमची पीडा ह्या कामाला लागत व्हती. आज अमावास्येचं मीठ लई पडलं. अडथळाच उरला नाय, मग दिवा बारीक कसा व्हणार?"

"अन् हुंदका?" सारजाबाईंनी विचारलं. बाटली अजून त्यांच्या हातात होती, गोळ्या अजून बाटलीत.

हे सांगणं बद्रीनाथला नको होतं.

"दोरीला गाठ हाय, मामी. भर प्रयोगात दोरी तुटली, तवा आवडानंच बांधली. गाठ कप्पीवरून जाताना अडकती. मी कधी बदलली नाय."

त्याने स्विच लावला, बाबांच्या बोटावरून दोरी सोडवली आणि सासूबाईंच्या हातात दिली. "तुम्हीच वढा."

सारजाबाईंनी दोरी ओढली. दिवा बारीक झाला. सैल सोडली, दिवा फुलत आला, मध्येच अडकला, थरथरला. हुंदका त्यांच्याच हातातून निघाला होता. त्यांनी पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. तीनदा, चारदा. बाबा केव्हा जिन्याकडे सरकले आणि तात्यासाहेबांनी त्यांना दाराशी कसं धरलं, हेही त्यांनी पाहिलं नाही.

"म्हंजे ती इथं नाय," शेवटी त्या म्हणाल्या.

"नाय, मामी."

"मग गोळीचं तिला इचारून काय उपेग?"

"काहीच नाय. मी बोललो नसतो तर आज दिवा मोठाच राहिला असता, अन् गोळ्या वाचल्या असत्या. मिठानं वाचवल्या असत्या. पुढच्या गुरुवारी मीठ कमी पडलं असतं, मग? ज्याला पोरीच्या दुखण्यातलं कळतं त्याला इचारायचं. दिव्याला काय कळतं?"

सारजाबाईंनी दोरी सोडली. बाटलीतून एक गोळी काढून गोदाच्या तळहातावर ठेवली. मग त्यांनी आजूबाजूच्या बायांकडे पाहिलं. कुणाचा नवरा त्या दिव्यात होता, कुणाचं तान्हं लेकरू. त्यांचेही डोळे दोरीवर खिळले होते.

"रडायचं तर घरी रडा गं," सारजाबाई म्हणाल्या. "अन् इथून पुढं कुणी पिशवीत हात घालून बसला, तर आधी हात दाखव म्हणा. भस्म होत नाय. मी बघितलंय."

खाली रस्त्यावर आल्यावर गोदाने बापाला विचारलं, "बाबा, आईची गाठ आपल्याला मिळंल का?"

बद्रीनाथ परत जिना चढला. फकिरा तिथंच बसला होता. बद्रीनाथने खिशातला चाकू काढून गाठीच्या दोन्ही बाजूंनी दोरी कापली आणि वीतभर तुकडा मुठीत घेतला. खाली येईस्तोवर त्याला समोरच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या, म्हणून कठड्याला धरून तो थोडा वेळ उभा राहिला. सारजाबाई खालून बघत होत्या. त्यांनी गोदाला जवळ घेतलं आणि हाक न मारता थांबून राहिल्या.