आतली बाजू

सासूबाईंनी कोटाची कॉलर टेबलावर आपटली.

"जा, सांग तिला. खुशाल जा म्हणावं लेकीकडे, कायमची! तिच्यावाचून दुकानाला टाळं लागत नाही. आणि कात्री ठेवून जा म्हणावं. ती दुकानाची आहे."

सून मुकाट्यानं जिना चढली. वर सासूबाईंची धाकटी जाऊ बॅग भरत होती. तिनं लावलेली कॉलर सासूबाईंनी गिऱ्हाइकादेखत टराटरा उसवली, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. निरोप्या म्हणून सून होतीच.

विटलेले कोट उसवायचे, कापडाची आतली ताजी बाजू बाहेर घ्यायची आणि पुन्हा शिवायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. उसवण्यात सासूबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. कॉलर मात्र धाकटीनंच बसवावी. आजची सासूबाईंनी स्वतः टाचली, तर ती काही केल्या सरळ बसेना.

वरून आवाज येईना, तशा त्या गुडघ्यांना शिव्या घालत अर्धा जिना चढल्या.

"आई म्हणतात," सून सांगत होती, "कात्री इथंच राहू दे, काकू. तुमच्याशिवाय ती चालवणार कोण?"

सासूबाई कठडा धरून जिन्यातच थांबल्या.

"हे ती म्हणाली?" धाकटी हसली. "मरेपर्यंत म्हणायची नाही."

"शब्द माझे आहेत."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं त्यांचं."

सासूबाई आल्या पावली खाली उतरल्या. थोड्या वेळानं सून आली.

"काकू म्हणतात..."

"तिच्या शब्दांत सांग. तुझी साखरपेरणी नको मला."

सून घुटमळली. "म्हणाल्या, म्हातारीला कॉलर लावता येत नाही नि माणूस थांबवताही येत नाही."

"भवानी!" सासूबाई फणकारल्या. मग कॉलरची सुरकुती अंगठ्यानं दाबत राहिल्या. ती जाईना. "आणि तुझ्या शब्दांत?"

"एकदा 'थांब' म्हणा, आई."

सासूबाईंनी कोट उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"तिला सांग," सासूबाई अखेर म्हणाल्या, "गाडीभाड्यात पैसे घालवायची एवढी हौस असेल तर जा म्हणावं. माझं काही अडत नाही."

सून वळली.

"अगं ए."

"काय?"

"आतली बाजू बाहेर घेऊन सांग."

सून जिना चढू लागली. सासूबाईंनी कॉलरचे टाके एकेक करून उसवले आणि सुई-दोरा धाकटीच्या खुर्चीपुढं सरकवून ठेवला.