अँब्युलन्समधलं मत

विरोधी पक्षाची खासदार विनिफ्रेड ऑर्मरॉड हिच्या नवऱ्याच्या, नॉर्मनच्या, हृदयाचं ऑपरेशन होतं आणि त्याच दिवशी लंडनला पार्लमेंटात तिच्या गावचा बाळंतपणाचा वॉर्ड बंद करण्यावर मतदान होतं. तरी ती नॉर्मनच्या उशाशी निर्धास्त बसली, कारण तिची जोडी ठरलेली होती. एकीकडचा खासदार अडला, की समोरच्या पक्षातला त्याचा जोडीदारही मत देत नाही. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. सरकारी बाकांवरचा ह्यू टॅरंट कित्येक वर्षं तिचा जोडीदार होता. त्याची बायको गेली तेव्हा विनिफ्रेडने स्वतःच्या पक्षाच्या शिव्या खाऊन मत दिलं नव्हतं.

या वेळी ह्यूने मत दिलं. वॉर्ड एका मताने गेला.

परत आल्यावर तिने त्याला चहाच्या खोलीत गाठलं.

"लाज नाही वाटली?"

"विनी, वरून हुकूम होता गं. आणि खरं सांगू? असं कुठे लिहिलंय?"

"तुझ्या मेरियनच्या दफनाला निघालास तेव्हा विचारलंस का रे, कुठे लिहिलंय?"

ह्यूने मान खाली घातली, पण ती बशीतलं बिस्किट उचलायला. विनिफ्रेड तडक बाहेर पडली.

महिन्याभरात सरकारवर अविश्वासाचा ठराव आला. वॉर्डला अजून कुलूप लागलं नव्हतं. सरकार पडलं तर तो वाचणार होता. पुन्हा सगळं एका मतावर आलं. सरकारी पक्षाचे म्हातारे सर सेड्रिक लाइल अँब्युलन्समधून पार्लमेंटच्या अंगणात आले होते. जिना चढणं अशक्य. अशा वेळी दोन्ही बाजूंचा एकेक जण खाली जातो, माणूस जिवंत आहे हे बघून मान डोलावतो आणि मत धरलं जातं. हेही कुठे लिहिलेलं नाही.

"तू जा," तिच्या पक्षाचे प्रतोद म्हणाले. "मान हलली नाही तरी आम्ही काही विचारणार नाही."

सरकारच्या बाजूने खाली ह्यूच उभा होता.

"माफ करा हं, बाई," सर सेड्रिक धापा टाकत म्हणाले, "तुम्हाला उगाच खाली यायला लावलं."

एकदा नाही म्हटलं की वॉर्ड वाचला. पण मग उद्या कोण कुणाच्या उशाशी निर्धास्त बसणार? विनिफ्रेडने दात आवळले आणि मान डोलावली.

"थँक्यू, विनी," ह्यू सुटल्यासारखा हसला. "तू नाही म्हणणार नाहीस, हे मला ठाऊकच होतं."

तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"ठाऊक होतं ना? त्यावरच तर चाललंय तुमचं! शब्द आम्ही पाळायचा आणि कुठे लिहिलंय म्हणून तुम्ही विचारायचं. माझ्या गावच्या बायका आता कळा सोसत तीस मैल जातील. त्यांना जाऊन सांग, तुला काय ठाऊक होतं ते!"

अँब्युलन्समध्ये सर सेड्रिकनी हळूच पांघरूण डोळ्यांवर ओढून घेतलं.