पितळेच्या पाटीसमोरची मी

एक होता सुतार, एक होती सुतारीण, एक त्यांची लेक, आणि त्याच सुताराने घडवलेली मी. मी लाकडाची पाटी बोलतेय. देणग्यांवर चालणाऱ्या एका शाळेत, दारातून शिरलं की डाव्या भिंतीवर माझा मुक्काम. मोडक्या बाकाच्या फळीतून सुताराने मला काढलं आणि असा रंधा मारला, की माशीसुद्धा घसरावी.

शाळेने देणाऱ्यांची दोन मंडळं केली होती. थोरल्या देणगीवाल्यांचं वटवृक्ष मंडळ आणि जमेल ते देणाऱ्यांचं अंकुर मंडळ. वटवृक्षवाल्यांची नावं समोरच्या पितळी पाटीवर, अंकुरवाल्यांची माझ्यावर. समारंभाला वटवृक्षवाल्यांना पुढे गादीच्या खुर्च्या. आमचे आपले मागे, जागा मिळेल तिथे.

खोटं कशाला बोलू, त्या पितळीवर मी जळायचे. दर शनिवारी शिपाईमामा तिला लिंबू चोळून लखलखीत करायचा. मला कोरडं फडकंसुद्धा नाही. पाहुणे तिच्यापुढे उभे राहून फोटो काढायचे आणि ओल्या छत्र्या माझ्याखाली टेकवायचे.

पण ते सोडा. खरं दुखणं वेगळंच. तिच्यावर नाव एकदा कोरलं की कोरलं. तिसऱ्या ओळीतल्या शेठजींनी अकरा वर्षांत छदाम दिला नव्हता, तरी मेले चमकतच होते. माझ्यावरची नावं रंगाची. ज्या साली देणं चुकेल, त्या साली रंगारी नावावरून ब्रश फिरवणार. हा कुठला न्याय?

माझ्यावर पहिलं नाव सुताराचं. पैसे कुठून देणार तो? शाळा उघडायच्या आधी आठवडाभर येऊन सगळे बाक फुकट दुरुस्त करायचा. एकदाही खाडा नाही. आणि एका वर्षी शिडीवरून पडला, उजवा हात मोडला. शाळा उघडायला पाच दिवस राहिले, बाक तसेच डुगडुगते. रंगारी डबा घेऊन हजर. कारकून यादी वाचत म्हणाला, "सुतार. यंदा काही नाही. पुसा."

माझं तर काळीजच चिरलं. पण नेमकी तेव्हाच सुतारीण नवऱ्याच्या हाताचं सांगायला आली होती.

"पुसा? अहो भाऊ, हात मोडलाय त्यांचा, दानत नाही मोडली!"

"वहिनी, नियम आहे. मी काय करू?"

"मग त्या शेठजींना लावा की नियम. ते काय अमरपट्टा घेऊन आलेत?"

रंगारी फिसकन हसला. कारकून कानकोंडा झाला. "बरं, शाळा उघडेपर्यंत थांबतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुताराची लेक आली. खांद्यावर बापाच्या हत्यारांची पिशवी, मागून गळ्यात हात बांधलेला बाप.

"अगं, पाचर आधी ठोक, खिळा मागून!"

"बाबा, गप्प बसता की घरी पाठवू?"

चार दिवस पोर खपली. शिपाईमामा मदतीला गेला, तर त्यालाही पाचर मारायला शिकवलं, तेही न रागावता. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दारात उभ्या राहून बघत होत्या. एका बाकावर बसून त्यांनी तो गदागदा हलवला. बाक काही हलेना.

"तुला शिकवताही येतं की गं! वटवृक्ष मंडळातल्या एका आजींनी मुलांसाठी सुतारकामाची खोली बांधून दिलीय. वर्ष झालं, शिकवणारं माणूस मिळत नाही. कायमची नोकरी आहे. येशील?"

वटवृक्ष मंडळातल्या! जिचा जन्मभर हेवा केला, तिच्याच अंगावरचं नाव माझ्या सुताराच्या लेकीच्या उपयोगी पडलं. आनंदाने रडू की चरफडू? दोन्ही केलं.

सुताराचं नाव राहिलं. आजारपणाचा खाडा धरायचा नाही, असं मोठ्या बाईंनी ठरवून टाकलं. आता माझा रंग उडालाय, एका कोपऱ्याला वाळवी लागलीय. पितळीचा हेवा अजून गेला नाही, जायचाही नाही. एवढंच मागते, येता-जाता माझ्यावरची नावंही वाचत जा.

लेकीच्या पहिल्या तासाला सुतार आणि सुतारीण माझ्या शेजारच्याच त्या नव्या खोलीच्या खिडकीबाहेर उभे होते. सुतारीण म्हणाली, "चला आता, दुपार होत आली."

"थांब गं," सुतार कुजबुजला, "बाईंचा तास चालू आहे."