रायफल कुणाच्या गाडीत

ओफेलियाने चापावर बोट ठेवलं आणि डावीकडे पाहिलं. लगेच कुणीतरी बुटाच्या टोकाने तिच्या टाचेला ढोसलं.

"तुझं निशाण समोर आहे, बाई," वरून लोरेटाचा आवाज आला. "नवऱ्यावर कसली नजर ठेवतेस? तासभर पालथा पडलाय तो. पायांना मुंग्या आल्यात, पळणार कुठे?"

रांगेतली माणसं हसली. शेजारच्या चटईवर रॉयसही हसला, दुर्बिणीवरचा डोळा न काढता. ओफेलियाने मान समोर वळवली, श्वास रोखला आणि चाप ओढला. लांब, निशाणाच्या बऱ्याच वर, उतारावर धुळीची भुकटी उडाली.

"वा! डोंगर मेला," लोरेटा म्हणाली.

लोरेटा सैन्यातून निवृत्त झालेली, उन्हाने चामड्यासारखी रापलेली बाई होती. थंडी सुरू झाली की टूसॉन शहराच्या पश्चिमेला, या कोरड्या ओढ्याच्या काठी, ती शनिवार-रविवारचं नेमबाजीचं शिबिर घ्यायची. येणारे बहुतेक शिकारीला जाणारे, नाहीतर नवी बंदूक घेतलेले. लोरेटाकडची जुनी हलकी रायफल मागून घेऊन, चष्मा पुसत चटईवर पडलेली साठीची बाई एकटी ओफेलियाच होती. "मलाही शिकायचंय," एवढंच तिने नाव देताना सांगितलं होतं. रॉयसने तिच्याकडे क्षणभर पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, "ये की. डबा कोण उघडणार नाहीतर?"

गेल्या हिवाळ्यात तांब्याची खाण बंद झाली. उभा जन्म त्या खाणीतली यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेला रॉयस घरी बसला. आधी त्याने छप्पर नीट केलं, कुंपण नीट केलं. मग नीट करण्यासारखं काही उरलं नाही. तो दाढी करेनासा झाला. जेवताना हातात घास तसाच राहायचा. एका संध्याकाळी ओफेलिया गॅरेजमध्ये गेली तर दिवा न लावताच तो खुर्चीत बसलेला. मांडीवर रायफल.

"काय करतोयस?"

"काही नाही. साफ करत होतो."

तेलाचा वास नव्हता. फडकंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याला दाताच्या डॉक्टरकडे सोडून ती घरी परतली, रायफल कपाटातून काढून घोंगडीत गुंडाळली आणि धाकट्या भावाच्या, एफ्राइनच्या पोलादी तिजोरीत नेऊन ठेवली. रॉयसला काही सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही. मग औषधं सुरू झाली, खाणीतल्या जुन्या मित्रांबरोबर सकाळचं फिरणं सुरू झालं. उन्हाळ्यात एकदा तो अंघोळ करताना गुणगुणला, तेव्हा ती ओल्या हातांनी बाहेर दाराशी उभी राहिली होती. पण त्या रायफलचं नाव दोघांनीही काढलं नाही. आणि मागच्या महिन्यात एफ्राइनचा फोन आला: "ताई, रॉयस रायफल मागतोय. शिबिराला जायचं म्हणतो."

म्हणजे त्याला माहीत होतं. किती दिवसांपासून, ते विचारायचा धीर तिला झाला नाही.

शनिवारी दुपारी बंदुका रिकाम्या करून सगळे मेस्कीटच्या काटेरी झाडांच्या विरळ सावलीत जेवायला बसले. रायफल घेऊन आलेल्या एफ्राइनने बायकोने दिलेले बरिटो वाटले. रॉयस दुसऱ्या टोकाला कुणा तरुण जोडप्याला वारा कसा ओळखायचा ते हातवारे करून सांगत होता. ओफेलिया भावाजवळ जाऊन बसली.

"उद्या ती कुणाच्या गाडीत जाणार?"

"कोण?"

"सोंग करू नकोस."

एफ्राइनने तोंडातला घास गिळला. "त्याची वस्तू आहे, ताई. तो नेतो म्हणाला तर मी कोण अडवणारा?"

"मी अडवेन."

"मग बोल ना त्याच्याशी. इतके महिने काय तोंडात गुळणी धरली होतीस?"

पलीकडे रॉयस मोठ्याने हसला आणि टोपीने मांडीवरची धूळ झटकली. तो चांगला दिसत होता. तिला त्या चांगलं दिसण्यावर विसंबायचं होतं, आणि जमत नव्हतं.

रविवारी वारा पडला. लोरेटा रांगेमागून फिरत होती. "श्वास सोड. सगळा नाही, थोडा ठेव. आता चापाला समजू देऊ नकोस की तू ओढतेयस." ओफेलियाची गोळी पहिल्यांदा कागदाला लागली तेव्हा लोरेटाने वाकून तिच्या पाठीवर थाप मारली. "डोंगराने सुटकेचा निःश्वास टाकला, बाई." ओफेलियालाही हसू आलं. नंतरच्या दोन गोळ्याही लागल्या. तेवढा वेळ तिने डावीकडे पाहिलं नव्हतं, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

शेवटची फैर झाली. "थांबा! बंदुका रिकाम्या करा, बोल्ट उघडे, हात बाजूला, जागेवरच पडून राहा," लोरेटा ओरडली. खटखट रायफलींचे बोल्ट उघडले गेले. ओफेलियाने पाहिलं. रॉयसने रायफल बाजूला सारली होती आणि कपाळ दंडावर टेकलं होतं. तो हलत नव्हता.

ती उठली.

"ए! मी सांगितल्याशिवाय उठायचं नाही!"

ओफेलियाने ऐकलं नाही. तिने त्याच्या चटईशी गुडघे टेकले आणि त्याच्या खांद्याला धरलं. "रॉयस. रॉयस!"

त्याने डोकं वर केलं. कपाळावर वाळू चिकटली होती, डोळे ओले होते. चेहरा मात्र मोकळा होता.

"बरोबर लागल्या गं," तो म्हणाला. "पाचही. मला वाटलं होतं, हात गेले आता."

लोरेटा येऊन दोघांसमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. शिव्या देण्यासाठी तिने तोंड उघडलं, ओफेलियाचा चेहरा पाहिला आणि रांगेकडे वळली. "काय बघताय? निशाणं आणायला कोण जाणार, मी?"

संध्याकाळी सामान भरताना ओफेलिया आपल्या गाडीच्या दाराशी उभी राहिली. काय म्हणायचं ते तिने तयार ठेवलं होतं. रागवायचं नाही, रडायचं नाही, फक्त 'घरी नको' म्हणायचं. रॉयस रायफलची पिशवी खांद्याला लावून वाळूतून येत होता. तिने तोंड उघडलं, तोवर तो तिच्यासमोरून पुढे गेला, एफ्राइनच्या गाडीपाशी थांबला आणि पिशवी मागच्या सीटवर ठेवली.

"तुझ्याकडेच असू दे," तो म्हणाला. "लागली की मागून घेईन."

"बरं," एफ्राइन म्हणाला. त्याने बहिणीकडे पाहिलं नाही, फक्त दार हळूच लावलं.

कच्च्या रस्त्यावर गाडी हेलकावत निघाली. मग ओफेलिया खिडकीकडे बघत म्हणाली, "तुला कधी कळलं होतं?"

"त्याच दिवशी. अर्धं तोंड बधिर होतं. घरी आलो, सरळ कपाटाशी गेलो, तर रिकामं."

"चिडला असशील."

रॉयसने खड्डा चुकवला. "कपाटासमोर खाली बसलो," तो म्हणाला. "तू भांडी घासत होतीस. मग जाऊन पडलो. किती दिवसांनी झोप लागली होती, कोण जाणे. तूच उठवलंस जेवायला."

तिला आठवलं. त्या रात्री तो दोनदा वाढून घेऊन जेवला होता आणि तिला त्या जेवण्याचीच भीती वाटली होती.

रॉयसने हात लांब करून तिच्या बाजूची वाऱ्याची झडप बंद केली, म्हणजे गार वारा तोंडावर येणार नाही. डांबरी रस्ता अजून लांब होता. तो लागला तेव्हा ओफेलिया तोंड उघडं टाकून घोरत होती, चष्मा नाकावरून घसरला होता. रॉयसने मागून येणाऱ्या गाड्यांना पुढे जाऊ दिलं आणि आपली गाडी सावकाश कडेकडेने चालवत राहिला.