करकोच्याची ढाल

टिकणारी ढाल कुणीही करील. फुटणारी ढाल करणं अवघड, आणि स्वीडनच्या या सगळ्या स्मोलांड प्रांतात ते काम माझ्याइतकं चोख कुणाला जमत नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. सरदार मेला की त्याच्या घराण्याचं चिन्ह कोरलेली लाकडी ढाल अंत्ययात्रेत मिरवायची आणि मग चर्चच्या भिंतीवर टांगायची, ही आमच्याकडची रीत. पण घराण्यातला शेवटचा पुरुष गेला, तर तीच ढाल त्याच्या शवपेटीवर फोडायची, म्हणजे ते चिन्ह पुन्हा कुणी लावणार नाही. अशा ढालीला मी पाठीमागून एक उभी खाच देतो. पुढून कुणाला सुगावा लागत नाही, आणि हातोड्याच्या पहिल्याच घावाला तिचे सरळ दोन तुकडे होतात. जमलेल्या बायका डोळे पुसतात आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतो.

म्हातारे बॅरन ट्रानेहॉफ निपुत्रिक गेले, तेव्हा काम अर्थातच माझ्याकडे आलं. निळ्या रंगावर रुपेरी करकोचा, एका पायावर उभा, आणि उचललेल्या पंजात वेगळा घडवून बसवलेला सोनेरी दगड. डोळा लागला तर दगड पडून जाग यावी म्हणून. करकोच्याचं तोंड ढालीच्या उजवीकडे, आणि ही उजवी म्हणजे ढाल धरणाऱ्याची, बघणाऱ्याची नव्हे. नवशिके नेमके इथेच माती खातात. मला अडला तो फक्त वर उचललेला पाय. शेवटी मी माझ्या टोर्केलला समोर उभं केलं, कारण काम करताना एक पाय दुसऱ्याच्या नडगीवर टेकवून उभं राहायची त्याला लहानपणापासूनची खोड.

"बाबा, आता पंखही लावून टाका मला," तो म्हणाला.

"वसंतात लग्न आहे ना तुझं? लावले तरी बायको छाटेल," मी म्हटलं, आणि दोघंही पोट धरून हसलो.

टोर्केल आमचा एकुलता एक. त्याची आई, गुनिल्ला, लग्नाआधी बॅरनच्या हवेलीत कामाला होती. लग्नानंतर सातव्याच महिन्यात पोरगं जन्माला आलं, तरी कसं गुटगुटीत! आमच्या घराण्याची हाडंच दणकट, असं मी तेव्हा गावभर सांगत फिरलो होतो. माझी छिन्नी, माझा धंदा, माझं घर, सगळं त्याचंच होणार होतं. त्याच्यावाचून मला दुसरं होतं तरी काय?

अंत्यविधीला हातोडा उचलला तो बॅरनच्या भाच्याने, कर्नल स्टोलने. पहिला घाव बसला आणि ठप्प असा आवाज आला. ढाल जशीच्या तशी. दुसरा घाव, तिसरा. चौथ्याला हातोड्याचा दांडाच तुटला.

"मिस्त्री, हे लाकूड आहे की लोखंड?" कर्नल दातओठ खात म्हणाला.

मागच्या बाकावर कुणीतरी पुटपुटलं, "वंश संपला असता तर फुटली असती की!" लोक हसू दाबायला लागले. माझं तोंड लाजेने लाल झालं, मी आधारासाठी गुनिल्लाकडे पाहिलं. ती ढालीकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. ती टोर्केलकडे बघत होती.

"उद्या बॅरनच्या शवपेटीचं तळघर बंद करायचं आहे," पाद्रीबाबा मला बाजूला घेऊन म्हणाले. "त्याआधी ढालीचे दोन तुकडे आणून द्या. कसे करता ते तुम्ही बघा."

ढाल घेऊन घरी आलो तो तडक माळ्यावर. खाच होती तशीच होती, चांगली खोल. एखाद्या पोरानेही गुडघ्यावर मोडावं असं ते सुकं पाइनचं फळकूट. खाली टोर्केल आपल्या लग्नाच्या पेटीला रंधा मारत होता, त्याचा सरसर आवाज एका लयीत वर येत होता. जिन्यावर गुनिल्ला दिसली.

"अहो, नका फोडू ती."

"का?"

"दुसरी करा आणि तिचे तुकडे द्या. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल! का नको फोडू, ते सांग."

"ती फुटली तर आपला टोर्केल..." तिने एप्रनचं टोक तोंडात कोंबलं.

"त्याचा काय संबंध?" मी ओरडलो, आणि ओरडल्याबरोबर ती उत्तर देईल की काय, याचीच मला भीती वाटली. टोर्केल माझा होता. एका घावात मी ते सिद्ध करून दाखवणार होतो: ढाल फुटेल, खाली रंधा चालतच राहील, आणि संध्याकाळी आम्ही तिघं चुलीपाशी बसून वाटाण्याचं सूप पिऊ.

"ही बघ," म्हणत मी घण उचलला.

एकाच घावात ढाल फुटली, माझ्या खाचेवरून अगदी सरळ. इतका स्वच्छ तुकडा उभ्या आयुष्यात माझ्या हातून पडला नव्हता. खरं सांगतो, क्षणभर मी खूश झालो. करकोच्याच्या पंजातला सोनेरी दगड सुटला, घरंगळत जिन्यापाशी गेला, आणि एकेक पायरी उतरत खाली जाऊन थांबला.

"टोर्केल, तो दगड वर घेऊन ये रे!" मी हाक मारली.

खाली रंधाही थांबला होता.