माफ केलेल्या चार प्लेटा

रविवारी दुपारी बाहेर जेवायला जायची कल्पना अवनीची. तिला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात श्रीखंड खाऊन तो काही साजरा होणार नव्हता. लुंबिनी हो म्हणाली, कारण नाही म्हणून नंतर लेकीची समजूत काढत बसायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. संसदेचं अधिवेशन चालू होतं. आठवडाभर मंत्रालयात बसून खासदारांच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची, ती वर जायची, लाल शाईने रंगून खाली यायची, पुन्हा लिहायची. नवरा विनय बदलीवर गुवाहाटीला. राहता राहिले बाबा, आणि बाबांना हॉटेलात नेणं म्हणजे काय, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

तिचे बाबा, अंबादास, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दिल्लीतल्याच एका सरकारी कार्यालयात शिपाई म्हणून लागले आणि कारकून होऊन निवृत्त झाले. माणूस मवाळ. कुणाशी वाद नाही, कुणाला टाकून बोलणं नाही. पण एका बाबतीत ते कुणाचं म्हणजे कुणाचं ऐकत नसत. आपलं उष्टं ताट दुसऱ्याला उचलू द्यायचं नाही. त्यांच्या आईची उमेदीची वर्षं वर्धेकडच्या गावात लोकांची उष्टी काढण्यात गेली होती. धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी तिने घरात नियमच घातला, ज्याचं ताट त्याने उचलायचं. नऊ वर्षांच्या अंबादासने तो जो धरला तो धरलाच. लग्नाच्या पंगतीत, साहेबाच्या घरी, करोलबागेतल्या डोसेवाल्याकडे, सगळीकडे जेवण झालं की बाबा ताट घेऊन मोरीच्या शोधात निघालेले. स्टीलची ताटं होती तोवर कुणाचं काही बिघडलं नाही.

हे हॉटेल निराळं होतं. बाजारातल्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, एसीचा गारठा, मंद दिवे, आणि काळ्या दगडासारख्या जाडजूड प्लेटा. जेवण चांगलं झालं. अवनी खूश होती, बाबांनीही कबाबाची तारीफ केली. तेवढ्यात लुंबिनीचा फोन वाजला. अवर सचिवांना कसलासा आकडा आत्ताच हवा होता. ती मान खाली घालून तो शोधायला लागली आणि इकडे बाबांनी प्लेटा एकावर एक रचायला घेतल्या.

"आजोबा, प्लीज यार!" अवनी कुजबुजली. "इथे नाही उचलत. ते लोक करतात ना."

"ते लोक म्हणजे कोण?" बाबांनी विचारलं.

तीन प्लेटा आणि वर कबाबाची लांबट प्लेट, असे चार नग घेऊन बाबा उठले. पोरींनी उचललं नाही, तर घरातल्याने घरातल्याचं उचलावं, एवढा त्यांचा हिशेब सरळ होता. दहा पावलं गेले असतील, साठीला टेकलेला एक वेटर धावत आला. "अरे सर, आप क्यों! लाइए, लाइए."

"नहीं भाई, हो जाएगा," बाबा म्हणाले आणि प्लेटा छातीशी धरल्या. त्याने ओढल्या, यांनी सोडल्या नाहीत. मग एकाच क्षणी दोघांनीही सोडल्या.

आवाज असा झाला की सगळं हॉटेल वळून बघायला लागलं.

बिल आलं त्यात शेवटची ओळ होती: ब्रेकेज, चार नग, तीन हजार दोनशे. लुंबिनीने मॅनेजरला बोलावलं. तिशीतला, इस्त्रीच्या कपड्यातला, अतिशय नम्र.

"जान-बूझकर थोड़ी तोड़ा है किसीने," ती म्हणाली. "एक्सिडेंट था. और आपके वेटर ने भी तो खींचा."

"मॅडम, टेबल पे टूट जाता तो हम कुछ नहीं बोलते. ग्लास तो रोज़ टूटते हैं. लेकिन गेस्ट खुद उठाकर किचन की तरफ़ चल दें, तो फिर..."

"लिखा है कहीं?"

लिहिलेलं होतं. मेन्यूच्या मागच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात. वाद घालता आला असता. गिऱ्हाइकाच्या हातून चुकून काही फुटलं तर तो धंद्याचा खर्च समजावा की गिऱ्हाइकाच्या माथी मारावा, यावर लुंबिनीने दोन्ही बाजूंनी दोन-दोन पानं सहज लिहिली असती. आठवडाभर तेच तर करत होती ती. पण आता तिच्या कानशिलांत ठणके मारत होते.

तोवर बाबांनी पाकीट काढलं होतं. "लुंबिनी, भांडू नकोस. माझ्या हातून फुटल्या, मी देतो."

"बाबा, तीन हजार दोनशे रुपये!"

"एकोणसत्तर वर्षं उचलतोय. एकदा फुटल्या. महाग नाही पडलं."

ते खरोखरच आनंदात होते, आणि त्याचाच तिला राग आला. तिला त्यांना पैसे देऊ द्यायचे नव्हते, भांडायचं नव्हतं, फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. ऑफिसात अशा वेळी फाइल बंद करणारं एक वाक्य असतं. माहितीच्या अभावी चूक झाली, असं लिहायचं. मग वरच्याला मोठेपणा मिळतो आणि तो आनंदाने सही करतो. लुंबिनीने आवाज खाली आणला. बाबा दोन हातांवर बसले आहेत, त्यांना हिंदी तिच्याहून चांगली येते, हे कळत असूनही तिने आवाज खाली आणला.

"देखिए, पापा को पता नहीं था. उनको ऐसी जगहों की आदत नहीं है."

मॅनेजर विरघळलाच. "अरे मॅडम, पहले बोलना था ना!" त्याने ती ओळ बिलातून उडवली. मग बाबांपाशी जाऊन, वाकून, बहिऱ्याशी बोलावं तसा मोठ्याने आणि सावकाश म्हणाला, "कोई बात नहीं, अंकल जी. यहाँ प्लेट हम लोग उठाते हैं. अगली बार आप आराम से बैठिएगा." आणि त्याने बाबांचा खांदा थोपटला. बाबांच्या हातात मोजलेल्या नोटा तशाच होत्या.

खाली फुटपाथवर टॅक्सीची वाट बघत तिघं उभी राहिली. ऊन मी म्हणत होतं. अवनी फोनमध्ये गाडी कुठवर आली ते बघत होती.

"नोकरीला लागलो त्या वर्षी साहेबाने एक फाइल हरवली," बाबा एकदम बोलायला लागले. "मला म्हणायला लावलं, साब, हमको पता नहीं था. साहेब सुटला, मीही सुटलो. मग ते तोंडातच बसलं. पस्तीस वर्षं म्हणत होतो. तेवढं म्हटलं की लोक सोडून देतात." ते थांबले. "ताट मात्र मी माहीत असून उचलायचो."

लुंबिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या हातातल्या नोटा घेऊन ती तडक जिना चढून वर गेली.

"उनको पता था," ती मॅनेजरला म्हणाली. आता तिचा आवाज अजिबात खाली नव्हता. "अपना जूठा वो किसी और से नहीं उठवाते. उसूल है उनका. मैंने झूठ बोला. पैसे ले लीजिए."

तो हसला. वाईट नाही, अगदी मनापासून. "बिल तो क्लोज़ हो गया, मॅडम. आप टेंशन मत लीजिए. हमारे दादाजी भी ऐसे ही हैं, कुछ भी करते रहते हैं."

"मैं कह रही हूँ ना, उनको..."

"बिल्कुल, मॅडम. बिल्कुल." आणि तो दुसऱ्या टेबलाकडे वळला.

ती परत खाली आली तेव्हा बाबा तिथेच उभे होते. तिने नोटा त्यांच्या खिशात ठेवल्या.

"घेतले नाहीत. मी सांगितलं त्याला, तुम्हाला माहीत होतं म्हणून. त्याला काही पटलं नाही."

"त्याचं सोड," बाबा म्हणाले. "तुला तर माहीत होतं."

टॅक्सी येऊन थांबली. अवनीने दार उघडलं. लुंबिनी "हो" म्हणाली, पण तोवर बाबा आत जाऊन बसले होते.