खालचा पाव हिस्सा

"खालचं कापलंत? कोणाला विचारून कापलंत?" झुलालनानांनी काउंटरवर असा हात आपटला की काचेवरची डिस्कची चळत घसरून खाली आली.

जळगावातल्या त्या स्टुडिओचा मालक हितेंद्र खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "काका, ओरडू नका. जुन्या सीडीतलं चित्र चौकोनी, नव्या डिस्कवरचं रुंद. आहे तसं टाकलं तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, गिऱ्हाइकाला ते आवडत नाहीत. वरून कापलं असतं तर डोकी गेली असती, म्हणून खालून कापलं. खाली होतं तरी काय? पाय!"

भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर वीस वर्षांपूर्वीचं, पाचोऱ्यातलं पुनमचं लग्न चाललं होतं. नवरा, नवरी, मधे अंतरपाट, वर मांडवाची झालर. सगळं कसं लख्ख. नानांच्या पाठीमागे उभी असलेली पुनम स्क्रीनवर शोधत होती.

"नाना, मनी माय कोठे गयी?"

नानांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हे शूटिंग त्यांचंच होतं. पंचवीस वर्षं त्यांनी पाचोऱ्यात लग्नांचं व्हिडिओ शूटिंग केलं. जो तो मोबाइल काढायला लागला तेव्हा दुकान बंद केलं. पुनमच्या घरी आलेल्या नव्या एचडी प्लेअरने जुनी सीडी ओळखलीच नाही, तशी ती नानांकडे आली आणि नानांनीच तिला इथे आणलं. तिची आई भागाबाई दिवाळीनंतर वारली. कॅमेरा दिसला की पळणारी बाई. हलती-बोलती अशी ती फक्त या सीडीत होती.

पुनमला वडील नव्हते. कन्यादानाला मामा-मामी बसले. विधवा म्हणून भागाबाईला बायकांनी पायरीही चढू दिली नाही. ती स्टेजखाली, जमिनीवर बसली. पोटच्या पोरीचं लग्न, आणि आईने खाली बसायचं! नानांना तेव्हाही असाच संताप आला होता. पण परक्याच्या मांडवात भांडायचा हक्क त्यांना नव्हता. मग बायका तिला वर येऊ देत नाहीत म्हटल्यावर त्यांनी कॅमेराच खाली झुकवला. मंगलाष्टकं संपेपर्यंत हलवला नाही. वर नवरा-नवरी, अगदी तळाला भागाबाई.

"पट्टे राहू द्यायचे होते ना, गाढवा!" नाना कडाडले. "काळ्या पट्ट्याने कोणाचं काय बिघडतं? आमची सीडी परत दे."

"ती जुनाट झाली होती. कॉपी झाली आणि काढताना तडकली. टाकून दिली."

"आणि कॉपी केलेली फाईल?"

"डिस्क तयार झाली की लगेच पुसतो. किती साठवायच्या?"

"अरे, माणूस पुसलंस तू! लाज वाटत नाही, वर तोंड करून सांगतोस?"

आता हितेंद्रही चिडला. "शूटिंग तुमचं ना काका? मग मूळ कॅसेट आणा. पुन्हा करून देतो, पट्टे ठेवून."

नानांनी काउंटरवरचा हात मागे घेतला. सीझनमध्ये एकेक कॅसेट चार-चार लग्नांना फिरायची. सीडी पार्टीच्या हातात पडली की टेप मागे गुंडाळून पुढच्या मांडवात. सगळेच शूटर तसं करत. पुनमच्या कॅसेटवर त्यांनी आठवड्याच्या आत कोणाचं तरी जावळ शूट केलं होतं. कोणाचं, तेही आता आठवत नव्हतं. उंदरांनी खाल्ली, असं सांगावं म्हणून जीभ वळवळली. त्यांना स्वतःचीच किळस आली.

"कॅसेट नही शे, बेटा. मीच पुसी टाकी."

पुनमने त्यांच्याकडे असं पाहिलं की हितेंद्रने मान दुसरीकडे वळवली. "तुम्ही बठ्ठा सारखाच," ती म्हणाली. "तवय बायकास्नी तिले खाले बसाडं. आते तुम्ही."

नानांनी वाकून खाली पडलेल्या डिस्क उचलल्या.

टीव्हीवर वऱ्हाड टाळ्या वाजवत होतं. मग पुनमनेच विचारलं, "सीडी लावली का मी मनी साडीच दखू. तिनाकडे ध्यानच नही दिधं. तुम्ही तं दखं ना? काय करी राहिंती ती?"

नानांनी सांगितलं. अक्षता वाटणाऱ्याने भागाबाईला वगळलं होतं. तिने जमिनीवर सांडलेल्या वेचल्या आणि पदराखाली मुठीत धरल्या. दर 'सावधान'ला ती त्यातल्या चार टाकायची. बसल्या जागेवरून स्टेज उंच. अक्षता फळीला लागून परत तिच्याच पुढ्यात पडायच्या. ती वेचायची. पुन्हा टाकायची.

"एक तरी लागनी का मले?"

"नही, बेटा," नाना म्हणाले. "पन शेवटलगून टाकतच व्हती."

पुनमने डोळे पुसले नाहीत. हितेंद्रकडे वळून, आवाज न चढवता ती म्हणाली, "टीव्ही बंद करा."